इंग्लंडच्या खेड्यातली शांतता कोण राखतं?

रँग्लर परांजपे आणि जयंत नारळीकर या दोन नावांमुळे केंब्रिज मराठी घरांना पूर्वीपासून ओळखीचं आहे. परांजपे 1899 साली तिथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. नारळीकर तिथे शिकले आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी तिथेच संशोधन केलं. पण केंब्रिजमधून कुठल्याही दिशेनं गाडी काढली की पंधरा-वीस मिनिटांत जो मुलूख सुरू होतो, त्याबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. साउथ केंब्रिजशर नावाचा जिल्हा या शहराला चारी बाजूंनी वेढून बसलाय. त्यात लहानमोठी शंभरेक गावं आहेत आणि त्यांतल्याच एका गावात आम्ही राहतो. इथली निम्मीअधिक माणसं सकाळी शहरातल्या इस्पितळात, विद्यापीठात, नाहीतर औषधं आणि कॉम्प्युटर चिप यांवर काम करणाऱ्या कंपन्यांत जातात आणि संध्याकाळी गव्हाच्या शेतांमधून घरी परततात. अलीकडे त्यांत मराठी डॉक्टर आणि इंजिनियरही दिसतात.

पुण्यामुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या सकाळी एकच म्हणतो, "काय शांत आहे गं इथे!" ते खरंच आहे. पण ही शांतता माणसं कमी आहेत म्हणून आलेली नाही. ती राखावी लागते. तिच्यामागे कायदे आहेत, पैसा आहे आणि बिनपगारी राबणारे पुष्कळ हात आहेत. शिवाय तिची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. कुणी जास्त मोजतं, कुणी जवळजवळ काहीच नाही.

आधी हे गाव म्हणजे काय ते सांगते. सरकारी व्याख्येत 10,000 पेक्षा कमी वस्तीची ठिकाणं ग्रामीण धरतात. 2021 च्या जनगणनेनुसार इंग्लंडमध्ये असे सुमारे 97 लाख लोक आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या 17 टक्के. पण ग्रामीण म्हणजे शेतकरी असं इथे समजू नये. गावाभोवती शेकडो एकर शेती असते आणि ती दोन-चार कुटुंबं मोठमोठ्या यंत्रांच्या जोरावर करतात. बाकीचं गाव नोकरदारांचं आणि निवृत्तांचं. एक चर्च, एक पब, एक प्राथमिक शाळा, एक व्हिलेज हॉल आणि नशीब असेल तर एक दुकान, एवढ्यावर गाव उभं असतं.

कारभार

गावाचा कारभार तीन पायऱ्यांवर चालतो. शाळा, रस्ते, वाचनालयं आणि वृद्धांची देखभाल काउंटी कौन्सिलकडे. कचरा उचलणं आणि बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. (या वरच्या दोन पायऱ्यांची एकच करण्याचं काम सरकारनं देशभर हाती घेतलंय, त्यामुळे हे चित्र येत्या काही वर्षांत बदलेल.) सगळ्यात खाली पॅरिश कौन्सिल. 1894 च्या कायद्यानं ती अस्तित्वात आली आणि आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे 10,000 कौन्सिली आहेत. आपल्या वाचकाला ती ग्रामपंचायतीसारखी वाटेल आणि सुरुवातीला तसं समजायला हरकत नाही. पण इथे थेट निवडून आलेला सरपंच नसतो. अध्यक्ष दरवर्षी सदस्यच आपल्यातून निवडतात. सदस्यांना पगार नसतो. हिशेब आणि पत्रव्यवहार पाहणारा क्लार्क तेवढा पगारी, तोही बहुधा अर्धवेळ. हातात सत्ता फार थोडी: खेळाचं मैदान, बाकं, बसथांब्याची शेड, फलक, कधी रस्त्यावरचे दिवे, भाजीचे वाफे. उमेदवार इतके कमी की पुष्कळ गावांत मतदानाची वेळच येत नाही आणि रिकाम्या राहिलेल्या जागा उरलेले सदस्य नेमणुकीनं भरतात.

पैसा कौन्सिल टॅक्समधून येतो. हा घरपट्टीसारखा कर आहे आणि तो घर 1 एप्रिल 1991 रोजी किती किमतीचं ठरलं असतं त्यावर बेतलेला आहे. गेल्या वर्षी बांधलेल्या घरालाही 1991 ची अंदाजे किंमत लावून ए ते एच यांपैकी एका गटात टाकतात. बिलावर काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस आणि अग्निशमन यांच्या रकमा वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि त्यांच्यात पॅरिशची छोटीशी ओळ असते. गावातलं जे काही आपल्या डोळ्यांना नीटनेटकं दिसतं, त्यातलं बरंचसं या ओळीतून येतं.

मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला बसते. बैठकीची विषयपत्रिका पूर्ण तीन दिवस आधी फलकावर लावावी लागते, हा कायदाच आहे. सुरुवातीची काही मिनिटं गावकऱ्यांना बोलायला राखून ठेवतात. एका बैठकीत मैदानातल्या झोपाळ्याच्या साखळीवर बराच वेळ चर्चा चालली होती. वार्षिक तपासणीच्या अहवालात साखळीची एक कडी झिजल्याचं आलं होतं. ती बदलायची की अख्खा झोपाळा? विमा कंपनी काय म्हणेल? तीन ठिकाणची दरपत्रकं आली आहेत का? काम चालू असताना मैदानात कोण थांबणार? एका निवृत्त शिक्षिकेनं हात वर केला आणि तो विषय संपला. मग एका वडिलांनी शाळेजवळच्या वळणावरच्या कुंपणाचा प्रश्न काढला. झुडपं इतकी वाढली होती की मुलांना येणारी गाडी दिसत नव्हती. मे महिना होता. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ, घरटं मोडणं हा गुन्हा, त्यामुळे आधी घरटी आहेत का ते बघून मगच हलक्या हातानं छाटायचं ठरलं. क्लार्कनं मालकाला पत्र लिहायचं टिपून घेतलं. इंग्लंडच्या गावाचं कामकाज खरोखर असं चालतं. हे संथ आहे, पण साखळीच्या एका कडीची एवढी काळजी करणारी माणसं गावात आहेत, याचं मला फार मोल वाटतं.

याच कौन्सिलकडून भाजीचा वाफा भाड्यानं मिळतो. 1908 च्या कायद्यानुसार गावातल्या 6 मतदारांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. पूर्ण वाफा साधारण 250 चौरस मीटरचा, वर्षाचं भाडं मामुली. इथल्या उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर झकास येते आणि वाफ्यावर जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या दुसरीकडे कुठेच होत नाहीत.

बांधकाम आणि हिरवा पट्टा

या शांततेचा सर्वांत मोठा आधार म्हणजे 1947 चा नगर व ग्रामरचना कायदा. त्या कायद्यानं जमीनमालकाचा आपल्या जमिनीवर हवं ते बांधण्याचा हक्क काढून घेतला. जमीन तुमची, पण बांधायचं तर परवानगी हवी. शेतकऱ्याच्या एकरभर गव्हाची किंमत आणि त्याच एकरावर घरांची परवानगी मिळाल्यावरची किंमत यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. गावातले निम्मे वाद या एका फरकातून निघतात.

त्यावर 1955 पासून ग्रीन बेल्टची भर पडली. शहरांभोवतीचा हा पट्टा आज इंग्लंडच्या सुमारे साडेबारा टक्के जमिनीवर आहे. पुष्कळांना वाटतं की तो निसर्गसौंदर्य वाचवण्यासाठी आहे. त्याचं काम वेगळंच आहे: शहरं पसरू नयेत आणि शेजारची गावं त्यांच्यात मिसळून जाऊ नयेत. त्यामुळे या पट्ट्यात सुंदर टेकडीही येते आणि जुनी खडीची खाणही येते. केंब्रिजभोवतीची गावं आजही एकमेकांपासून वेगळी दिसतात, मधे शेतं राहिली आहेत, त्याचं श्रेय या पट्ट्याला आहे.

गावाच्या जुन्या भागाला वेगळं संरक्षण असतं. 1967 च्या कायद्यानं असे संवर्धित भाग ठरवायला सुरुवात झाली आणि पहिला मान लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावाला मिळाला. अशा भागात स्वतःच्या अंगणातलं मोठं झाड तोडायचं तरी कौन्सिलला 6 आठवडे आधी कळवावं लागतं. घर ऐतिहासिक यादीत असेल तर खिडकीची चौकटसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. गवताच्या छपराचं घर फोटोत फार गोड दिसतं. त्याचा विमा आणि छपराची डागडुजी मालकाच्या खिशाला चांगलीच लागते.

कुणी नवीन बांधकामाचा अर्ज केला की जवळच्या खांबावर नोटीस लागते आणि साधारण 21 दिवसांत गावकऱ्यांनी आपलं म्हणणं मांडायचं. नव्यानं आलेल्यानं इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. "माझ्या खिडकीतून दिसणारं शेत जाईल" किंवा "माझ्या घराची किंमत पडेल" हे आक्षेप कायद्यात धरत नाहीत. वाहतूक, सांडपाणी, शेजारच्या घरावर पडणारी सावली, खासगीपणाला येणारी बाधा, झाडं, हे धरतात. पॅरिश कौन्सिल फक्त मत देते, निर्णय डिस्ट्रिक्टचा. आणि डिस्ट्रिक्टकडे पुढच्या 5 वर्षांच्या घरांपुरती जमीन ठरलेली नसेल तर अपिलात बिल्डरची बाजू जड होते. म्हणूनच कधीकधी अख्खं गाव विरोधात असूनही घरं होतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण शांततेची किंमत कोण मोजतं हा प्रश्न इथेच पहिल्यांदा येतो. केंब्रिजमध्ये नोकऱ्या वाढत राहिल्या. त्या माणसांनी राहायचं कुठे? ग्रीन बेल्टच्या आत नाही, तर त्याच्या पलीकडे. म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस केंबोर्न हे नवं गाव उभं राहू लागलं आणि ओकिंग्टनच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर नॉर्थस्टो नावाचं 10,000 घरांचं नवं शहर आखलं गेलं. तिथे 2017 पासून लोक राहायला आले. म्हणजे आमच्या गावाची शांतता टिकली, पण त्या बदल्यात दुसऱ्या कुणाचा कामावर जायचा रस्ता लांबला. आता पाण्याचाही प्रश्न आहे. इथलं पिण्याचं पाणी खडूच्या खडकातल्या भूजलातून येतं, त्याच भूजलावर इथल्या नितळ नद्या जगतात आणि पर्यावरण खात्यानं पाण्याच्या कारणावरून मोठ्या गृहप्रकल्पांना हरकत घेतली होती. घरंही हवीत आणि नद्याही हव्यात. "आमच्या गावात नको" एवढंच म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण गावानं विरोध केला नसता तर शाळेच्या आणि दवाखान्याच्या खर्चाचा वाटाही बिल्डरकडून मिळाला नसता, असेही प्रसंग पाहिलेत.

पायवाटा

इंग्लंडच्या खेड्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सार्वजनिक पायवाटा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर आहेत. त्या खासगी शेतातून, कुणाच्या गोठ्याशेजारून, कधी थेट अंगणातून जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 1949 च्या कायद्यानं काउंट्यांना या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावलं. पिवळा बाण दिसला तर वाट पायी चालणाऱ्यांची, निळा दिसला तर घोडा आणि सायकलही चालेल.

यातली खरी गंमत शेताच्या मधोमध कळते. शेतकऱ्याला वाटेवरून नांगर फिरवायला परवानगी आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा जमीन उकरल्यापासून 14 दिवसांत त्यानं ती वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची आणि शेतातून जाणारी वाट निदान 1 मीटर रुंद ठेवायची. त्यामुळे जूनमध्ये कमरेएवढ्या गव्हातून एक सरळ रेघ गेलेली दिसते, जणू कुणी भांग पाडलाय. त्या रेघेवरून पन्नास-शंभर वर्षांपूर्वी मजूर कामाला जात असत, आज माणसं कुत्र्यांना घेऊन फिरतात. शेताचं फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर पुन्हा बंद करायचं, मेंढ्या असतील तर कुत्रा दोरीवर हवा. गावात परक्याला कुणी हटकत नाही याचं एक मोठं कारण हेच आहे: वाट सगळ्यांची आहे हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

गाडीवाचून अडतं

आता अवघड भाग. गाडी नसेल तर या गावात राहणं फार कठीण आहे. पूर्वी असं नव्हतं. 1963 साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालानं 2,363 स्थानकं आणि सुमारे 8,000 किलोमीटर लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली. केंब्रिजहून लिंटनमार्गे हेवरहिलला जाणारी आगगाडी 1967 साली थांबली. मग 1986 पासून लंडनबाहेरची बससेवा खासगी कंपन्यांसाठी खुली झाली. ज्या मार्गावर पैसा सुटतो तिथे बस, जिथे नाही तिथे कौन्सिल अनुदान देईल तेवढीच. परिणाम असा की बऱ्याच गावांतून शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते आणि रविवारी एकही नसते. सरकारनं एका फेरीच्या तिकिटावर आधी 2 पौंडांची आणि 2025 पासून 3 पौंडांची मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. पण बसच नसेल तर तिकीट स्वस्त असून काय उपयोग? त्या मानानं सेंट आइव्हजकडच्या जुन्या रेल्वेमार्गावरची गावं सुखी. तिथे 2011 पासून खास बसमार्ग धावतोय.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. गावाबाहेरच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवरही कायद्यानं वेगमर्यादा ताशी 60 मैल असते. ती मर्यादा आहे, तेवढ्या वेगानं जायला सांगितलेलं नाही. शरद ऋतूपासून साखरेच्या बीटाचे ट्रक सुरू होतात, रस्त्यावर चिखलाचा थर बसतो आणि गाडी घसरते.

शाळेच्या बाबतीत मात्र केंब्रिजशरनं एक मोठी गोष्ट केली. हेन्री मॉरिस नावाचे इथले शिक्षणाधिकारी 1920 च्या दशकात सांगत होते की खेड्यातला तरुण शहरात जातो, कारण जगण्याजोगं सगळं तिथेच असतं. तर ते सगळं खेड्यात आणा. त्यातून व्हिलेज कॉलेजं उभी राहिली. दिवसा आसपासच्या गावांची माध्यमिक शाळा, संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग, नाटक, वाचनालय, सगळं एकाच आवारात. सॉस्टनचं पहिलं 1930 साली उघडलं. इंपिंग्टनचं 1939 साली झालं आणि त्याची इमारत वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय या वास्तुविशारदांनी आखली. हेच फ्राय पुढे चंडीगडच्या उभारणीत होते. ही शाळा आजही चालू आहे. घरापासून शाळा लांब असेल तर बस काउंटीनं फुकट द्यायची: 8 वर्षांखालच्या मुलांसाठी 2 मैलांपलीकडे, त्यावरच्यांसाठी 3 मैलांपलीकडे. औषधाचं दुकान घरापासून 1 मैलाहून लांब असेल तर खेड्यातल्या काही दवाखान्यांत डॉक्टरांकडूनच औषध मिळतं. असे बारीक नियम माहीत असले की रोजचं जगणं बरंच सुकर होतं.

घर तापवायचं रॉकेलवर

बऱ्याच गावांत गॅसची वाहिनी पोचलेलीच नाही. मग घर तापतं ते रॉकेलवर. मागच्या अंगणात हजार-बाराशे लिटरची हिरवी टाकी असते आणि टँकरवाला लांबलचक नळी ओढत येऊन ती भरून देतो. विजेच्या आणि गॅसच्या दरांवर नियामकाची कमाल मर्यादा असते, या तेलावर नाही. जगात कुठे युद्ध पेटलं की गावातला हिवाळा महाग होतो. कमीत कमी 500 लिटर एकदम घ्यावं लागतं, म्हणजे हातात पैसे कमी असणाऱ्याला थोडं थोडं घेण्याचीही सोय नाही. म्हणून गावं एकत्र येऊन खरेदी करतात. एखादी शेजारीण सगळ्यांच्या मागण्या गोळा करते, पुरवठादारांकडून भाव मागवते आणि एकाच दिवशी टँकर बोलावते. तिला त्याचे पैसे मिळत नाहीत. थंडीत हे काम करणाऱ्या बाईला मी मनापासून मानते. सांडपाण्याची वाहिनी नसलेल्या घरांना स्वतःची टाकी असते आणि 2020 पासून अशा टाकीतलं पाणी थेट ओढ्यात सोडायला बंदी आहे. घर विकत घेताना टाकी नियमात बसते का हे विचारायलाच हवं.

डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि अनेक गावांत रस्त्यावर दिवे जवळजवळ नसतात. त्या काळोखात आकाशगंगा दिसते हे खरं, पण कित्येक आठवडे चार वाजता अंधार होणं आपल्या माणसांना जड जातं. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा सगळं विसरायला होतं.

आणि शांतता म्हणजे आवाजच नाही असंही नव्हे. ऑगस्टमध्ये पाऊस यायच्या आत गहू काढायचा म्हणून कापणीयंत्रं मध्यरात्रीपर्यंत चालतात. ऑक्टोबर ते जानेवारीअखेर तितरासारख्या फेझंट पक्ष्यांची शिकार चालते, तेव्हा बंदुका वाजतात. पाखरं उडवायला गॅसच्या तोफा असतात, चर्चच्या घंटांचा सराव असतो, शेणखत टाकलं की दोन दिवस खिडक्या बंद. हे गाव आधी शेतीचं आहे. त्याबद्दल तक्रार घेऊन जाणाऱ्याचं कुणी फारसं ऐकत नाही आणि मला ते योग्य वाटतं.

गाव चालवणारे हात

पब बंद पडणं, दुकान बंद पडणं हे इथलं नेहमीचं दुःख. त्यावर लोकांनी सहकारातून उपाय काढला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं 2003 साली आपला ओल्ड क्राउन पब गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेमार्फत विकत घेतला. आज देशभर अशी शेकडो दुकानं आणि पब गावकऱ्यांच्या मालकीचे आहेत. 2011 च्या स्थानिक अधिकार कायद्यानं त्यांना एक हत्यार दिलं: एखादा पब किंवा हॉल गावाच्या दृष्टीनं महत्त्वाचा म्हणून नोंदवून घेता येतो. मग मालकानं तो विकायला काढला आणि गावानं रस दाखवला, तर पैसा उभा करायला 6 महिन्यांची मुदत मिळते. मुदतीनंतर मालक कुणालाही विकू शकतो, पण मुदत मिळते. लँकशरच्या खेड्यांत इंटरनेट कंपन्या केबल टाकायला तयार नव्हत्या, तेव्हा 2011 साली तिथल्या लोकांनी स्वतःची संस्था काढली, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून चर खणू दिले, लोकांनी स्वतः फावडी चालवली आणि शहरांपेक्षा वेगवान इंटरनेट घरोघरी नेलं.

आमच्या गावात इतकं मोठं काही झालेलं नाही. पण मासिक पत्रिका प्रत्येक दारात कुणीतरी चालत जाऊन टाकतं. वेगानं जाणाऱ्या गाड्या मोजायला पिवळी जाकिटं घालून शेजारी रस्त्याकडेला उभे राहतात. जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये हृदय बंद पडल्यास धक्का देणारं यंत्र बसवलंय आणि त्याची बॅटरी कुणीतरी नेमानं तपासतं. उन्हाळ्यात एका रविवारी लोक आपल्या बागा पाहायला खुल्या ठेवतात, तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला जातात. ही प्रथा देशात 1927 पासून आहे.

नव्या माणसानं यात शिरायचं कसं? काम मागायचं. आपल्याकडे शेजारी न सांगता चहाला येतो. इथे वर्ष-वर्ष हात हलवून विचारपूस होते आणि घराचा उंबरा ओलांडला जात नाही. हे तुटकपण नाही, ती इथली रीत आहे. पण हॉलमधल्या खुर्च्या लावायला, जत्रेत चहा ओतायला, सफाईच्या दिवशी कचरा वेचायला गेलात की नाव कळतं आणि मग दारं उघडतात. गावात बहुतेक सगळे गोरे, त्यामुळे आपण लगेच लक्षात येतो. मला वाईट वागणूक मिळालेली नाही. तरी सौजन्य म्हणजे मैत्री नव्हे. मैत्रीला इथे वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो.

सगळ्यांत जास्त झळ बसते ती दोघांना. एक, गावात जन्मलेल्या तरुणांना. 1980 च्या कायद्यानं कौन्सिलची भाड्यानं दिलेली घरं त्यांत राहणाऱ्यांना स्वस्तात विकत घेता आली, हजारो कुटुंबांचं त्यात भलं झालं, पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी आली नाहीत. आज शहरातल्या पगारावर आलेले आमच्यासारखे लोक गावातल्या घरांना जी किंमत देतात, ती इथल्या शाळेत मदतनीस असलेल्या मुलीला परवडत नाही. यावर एक तोडगा आहे: गावाच्या हद्दीबाहेरच्या, एरवी परवानगी न मिळणाऱ्या जागेवर फक्त गावाशी नातं असलेल्यांसाठी कमी भाड्याची घरं बांधता येतात. अशा दहा-बारा घरांना जेव्हा गाव विरोध करतं तेव्हा मला राग येतो.

दुसरे म्हणजे म्हातारे, आणि त्यात आपले आईवडीलही आले. व्हिजिटर व्हिसावर ते 6 महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून कामावर, बस नाही, भाषा बुजरी, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. ज्या शांततेचं पहिल्या आठवड्यात कौतुक होतं, तीच महिन्याभरात अंगावर येते. त्यांना एप्रिलनंतर बोलवावं, व्हिलेज हॉलमधल्या कॉफीच्या सकाळी घेऊन जावं, भाजीच्या वाफ्यावर त्यांना स्वतःचा एक कोपरा द्यावा. माझ्या ओळखीचे एक काका तिथे मुळे आणि मेथी लावतात आणि शेजारच्या वाफ्यावरच्या आजोबांशी हातवारे करत तासभर बोलतात.

तुम्ही अशा गावात घर पाहत असाल तर हिवाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, अंधार पडल्यावर जाऊन या. शेवटची बस कधी आहे, घर कशावर तापतं, मोबाइलला रेंज येते का, ओढ्याला पूर येतो का, हे विचारा. आणि पॅरिश कौन्सिलच्या मागच्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा. ती सार्वजनिक असतात आणि बहुधा कौन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतात. कुठे घरं येणार आहेत, कुठला रस्ता तुंबतो, कोण कशावर भांडतंय, हे घर दाखवणारा एजंट सांगणार नाही. त्या कागदांत मात्र ते सगळं तारखेवार लिहिलेलं असतं.